मधल्या दिवसांतला डाग

"आणखी सहा द्या. पांढऱ्याच," ब्लिमी म्हणाली. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती काउंटरपासून हातभर लांब उभी होती.

"परत पांढऱ्याच?" मी म्हटलं. "वल्हांडण सणाच्या आधी नेल्यास, उन्हाळ्यात नेल्यास. निकर नेतेस की घराला चुना काढतेयस?"

काउंटरखाली झेल्दाचा बूट माझ्या नडगीवर बसला. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या अँटवर्पला माहीत आहे, पण लाथ मारून मला गप्प करायचा हक्क एकट्या झेल्दाचा. दुकान तिचं. मी तिची आतेबहीण रेझी. माझी धाकटी शाळेत जायला लागल्यापासून रोज तिच्या मदतीला येते. रेल्वेच्या बांधाला चिकटून हे चिंचोळं दुकान आहे. बाहेर पाटी फक्त 'मोजे' एवढीच. आत मात्र बायकांना जे जे लागतं आणि पुरुषांसमोर ज्याचं नाव काढत नाहीत, ते सगळं मिळतं. वरून ब्रुसेल्सची गाडी गेली की फळ्यांवरचे खोके थरथरतात.

झेल्दानं सहा निकर पातळ कागदात गुंडाळल्या. तेवढ्यात दाराची घंटी वाजली आणि ब्लिमीचा नवरा नफ्ताली पायपुसण्यावर येऊन थांबला. असल्या दुकानात शिरलेल्या आम्हा कर्मठ ज्यूंमधल्या कुठल्याही पुरुषासारखी त्याची नजर जमिनीवर होती.

"पाऊस येतोय," तो म्हणाला. त्यानं छत्री काउंटरच्या कडेला ठेवली आणि दोन पावलं मागे सरला. मग ब्लिमीनं ती उचलली.

हातातून हातात दिली नाही, हे मी बघितलं. पाळीमुळे बायको दूर असली की नवरा-बायको एकमेकांच्या हातात काही देत नाहीत, किल्लीसुद्धा नाही. टेबलावर ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. त्यात विशेष काही नाही, ते दिवस घरोघरी असतात. पण चारचौघांत हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून जोडपी किती काळजी घेतात, ते मला विचारा. ही दोघं लपवायचंही विसरली होती. आणि पंधरवड्यापूर्वी ट्रामच्या थांब्यावर मी हेच बघितलं होतं. तेव्हा पिशवी होती.

दोघं गेल्यावर झेल्दा शिडीवर चढून खोके लावायला लागली. पाठ माझ्याकडे होती.

"तीन वर्षं झाली तिच्या लग्नाला," ती म्हणाली. "तीन वर्षांत एकही रंगीत निकर तिनं माझ्याकडून नेली नाही."

"दुसरीकडून घेत असेल. सुपरमार्केटात ढीग असतात."

"हिंदेची सून सुपरमार्केटातून निकर घेईल?"

ते मला पटलं. हिंदे, म्हणजे ब्लिमीची सासू, सुनेनं कुठल्या दुकानातून सुई घ्यावी हेसुद्धा ठरवते.

आमच्यात पाळी थांबली की सात निर्मळ दिवस मोजायचे. त्या दिवसांत पांढरं घालायचं, काही असेल तर दिसावं म्हणून. सात दिवस नीट गेले की संध्याकाळी शुद्धीच्या कुंडावर जाऊन बुडी मारायची आणि नवऱ्याजवळ यायचं. एकदा जवळ आलं की मात्र शहाण्या बाईनं गडद रंगाचं घालावं. रंगीत कापडावर पडलेला डाग धर्म मोजत नाही. पांढऱ्यावर पडला तर प्रश्न उभा राहतो, आणि तो रब्बींना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, विचारावा लागतो. लग्नाआधी प्रत्येक मुलीला एक बाई हे शिकवते, मीही शिकले. काळ्या निकर घालून मी सहा मुलं वाढवली आणि त्या विषयावर परत कधी विचारही केला नाही.

ब्लिमी झुरिकची. बारीक, गोरी, बोलताना समोरच्याच्या कोटाच्या गुंडीकडे बघणारी. नफ्ताली हिऱ्यांच्या बाजारात खडे निवडायचं काम करतो, पोरगा सरळ. पण घर हिंदेचं. त्या सप्टेंबरात प्रार्थनाघराच्या बायकांच्या सज्जात हिंदे माझ्या पुढच्याच बाकावर बसायची आणि पुस्तकात डोकं घालून शेजारणीला सांगायची, "मांडवांचा सण झाला की तिच्या बापाला बोलावलंय. बसून बोलू. पोरगी वाईट नाही हो, पण माझ्या मुलाचं आयुष्य आहे." बसून बोलू म्हणजे काय, ते सज्जातल्या प्रत्येक बाईला कळत होतं. पोरीला माहेरी धाडायचं चाललं होतं.

झेल्दाला तर माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिला स्वतःला दहा वर्षांनी धाडलं होतं.

तिच्या नवऱ्याचं नाव लिपा. हिऱ्यांना पैलू पाडायच्या कारखान्यात होता, हसरा, गाणारा माणूस. दहा वर्षं मूल झालं नाही. त्याच्या आईनं सगळ्या गल्लीत झेल्दाच्या नावानं खडे फोडले, आणि दहा वर्षं पुरी झाल्यावर सोडचिठ्ठी झाली. भांडण नाही, तंटा नाही. लिपा रडला असं लोक सांगतात. वर्षभरात त्याचं दुसरं लग्न झालं आणि शेवाला, त्याच्या नव्या बायकोला, एकामागून एक नऊ मुलं झाली. ती दोघं दोन गल्ल्या पलीकडे राहतात. शेवा आमचीच गिऱ्हाईक. तिच्या मुलींच्या लग्नाचे मोजेसुद्धा झेल्दानंच दिले, आणि कधी चेहरा वाकडा केला नाही. मी एकदा म्हटलं, "तुला काहीच वाटत नाही?" तर म्हणाली, "मोजे चांगले होते."

अशा माणसाशी वाद तरी काय घालायचा.

पुढच्या सोमवारी झेल्दानं ब्लिमीला निरोप धाडला, तुझ्या मापाचे हिवाळी मोजे आलेत. मोजे आले नव्हते. ब्लिमी आल्यावर तिला मागच्या खोलीत नेलं आणि मला सांगितलं, दाराला आतून कडी घाल आणि कॉफी कर. कॉफी घेऊन मी गेले तेव्हा ब्लिमी खोक्यांच्या ढिगावर बसली होती, आणि झेल्दा तिच्यासमोर तिपाईवर.

"मी काही विचारणार आहे," झेल्दा म्हणाली. "उत्तर द्यायचं नसलं तर कॉफी पी आणि जा. मी परत विचारणार नाही. तू रोज पांढरंच घालतेस का?"

ब्लिमीनं मान हलवली.

"सात दिवस सोडून इतर दिवशीसुद्धा?"

"शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, जी जास्त जपते तिच्यावर देवाची कृपा जास्त. मी ठरवलं, मी सगळेच दिवस जपेन." ती थांबली. "कृपा कुठे दिसत नाही."

"आणि डाग पडतो."

ब्लिमी माझ्याकडे बघायला लागली. मी कप ठेवून निघणार होते, पण झेल्दा म्हणाली, "रेझी राहू दे. तोंडाळ आहे, पण यातलं बाहेर बोलायची नाही." ते खरं आहे. मी फाजील गोष्टी बोलते. कामाच्या पोटात ठेवते.

मग ती पोर बोलली. आधी तुटक, मग अडवायला गेलं तरी थांबेना. पाळी ठरल्यासारखी येते आणि जाते. सात दिवस मोजून होतात. आणि मग बरोबर मधेच, कधी कुंडावर जायच्या संध्याकाळी, कधी जाऊन आल्यावर घरी पोचायच्या आत, डाग दिसतो. मसुराच्या दाण्याएवढा. कधी तपकिरी, कधी गुलाबी. जवळजवळ दर महिन्याला. ती नफ्तालीला सांगते, नाही, आज नाही. तो आपला पलंग परत भिंतीकडे सरकवतो. मग परत सुरुवातीपासून मोजायचं. दुसऱ्यांदा कुंडावर जाईपर्यंत पुढची पाळी दाराशी आलेली असते.

"अगं पण मसुराएवढा," मी म्हटलं. "तेवढ्याला कोण..."

"रब्बींना दाखवलंस?" झेल्दानं विचारलं.

ब्लिमी हसली. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा हसताना बघितलं, आणि ते हसू बघवत नव्हतं. "आपले रब्बी म्हणजे नफ्तालीचे सख्खे काका. माझं फडकं काकांनी खिडकीच्या उजेडात धरून बघायचं? आणि शनिवारी मी त्यांच्याच समोर बसून मासा खायचा? काकू म्हणणार, बाळ, आणखी एक तुकडा घे?"

मला हसू आलं, देवा शपथ. झेल्दालाही आलं. मग तिघींचंही थांबलं.

"म्हणून मी माझं मीच ठरवते," ब्लिमी म्हणाली. "शंका आली की नाही म्हणायचं. नाही म्हटलं तर पाप तर होत नाही ना."

"डॉक्टर?"

"गेल्या वर्षी सासूबाईंनी नेलं होतं. सगळं ठीक आहे म्हणाले. डागाचं मी बोललेच नाही. सासूबाई बाजूच्या खुर्चीत होत्या."

झेल्दा उठली. तिला उठायला वेळ लागतो, गुडघे धरून उठते. ती म्हणाली, "दोन माणसांना विचारायचं. दोघांपैकी एकानंही तुझ्या घरचा मासा खाल्लेला नसावा."

पहिलं माणूस म्हणजे पार्कपलीकडचे म्हातारे रब्बी. त्यांची बायको स्वयंपाकघराच्या दाराशी प्रश्न घेते, नाव विचारत नाही, आणि आत जाऊन उत्तर आणते. झेल्दाच गेली. परत आली ती हातात त्या बाईनं दिलेला केकचा तुकडा आणि तोंडी निरोप घेऊन. सात दिवसांबाहेर रंगीत घालायचं, हट्टानं पांढरं नाही. सात दिवसांत काही दिसलं तर आणून दाखवायचं, एवढासा तपकिरी ठिपका पुष्कळदा काहीच नसतो. रक्त कुठून येतं ते डॉक्टरनं सांगावं. आणि म्हाताऱ्यानं बायकोकडून एक जास्तीचं वाक्य पाठवलं होतं: देवानं मना केलंय तेवढं पुरे आहे, पोरीला म्हणावं तू त्यात भर घालू नकोस.

"पाप होत नाही म्हणत होती ना," मी म्हटलं.

"तिला हे वाक्य आत्ताच सांगू नकोस," झेल्दा म्हणाली. "आधीच अर्धी झालीय."

दुसरं माणूस डॉक्टर. ब्लिमी एकटी गेली असती तर वस्तीतल्या निम्म्या खिडक्यांनी बघितलं असतं, आणि घटस्फोटितेबरोबर गेली असती तर उरलेल्या निम्म्यांनी. म्हणून तिघी निघालो. तीन बायका पिशव्या घेऊन ट्रामनं निघाल्या की लोकांना वाटतं खरेदी. डॉक्टर फेर्ले दक्षिणेकडच्या भागात बसतात. उंच, पांढरे केस कापलेले, सरळ बोलणाऱ्या. आमच्या वस्तीतल्या बायका त्यांच्याकडे पूर्वीपासून जातात, त्यामुळे लग्न झालेल्या बाईच्या केसांच्या टोपाला हात लावायचा नाही, दार आधी ठोठावायचं, हे सगळं त्यांना ठाऊक आहे.

तपासताना आम्ही बाहेर होतो. मग ब्लिमीनंच आम्हाला आत बोलावलं. म्हणाली, मला सगळं लक्षात राहणार नाही, तुम्ही ऐका.

"गर्भ नाही, गाठ नाही, आत मांसाचा कोंब वाढलेला नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जखम दिसत नाही. रक्ताचे आणि जंतूंचे नमुने घेतलेत, त्यांचं उत्तर आठवड्यात येईल. पण तुम्ही सांगता त्यावरून मला वाटतं, हा मधल्या दिवसांतला डाग आहे. दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर अंडं सुटतं. त्या वेळी शरीरातला एक रस एकाएकी कमी होतो. काही बायकांच्यात तेवढ्यानं आतलं अस्तर जरासं सुटतं, आणि थोडं रक्त दिसतं. एखादा दिवस, फार तर दोन. काहींना कधीतरी, काहींना जवळजवळ दर महिन्याला. तो आजार नाही."

"मग घाबरायचं नाही?"

"याला नाही. डाग दिसला की आजारच असतो असं नाही. पण डाग म्हणजे काहीच नसतं, असंही धरून चालू नका. जास्त जायला लागलं, दुखायला लागलं, नवऱ्याजवळ गेल्यावर दिसलं, नाहीतर पाळी चुकल्यावर दिसलं, तर त्याच आठवड्यात यायचं. लपवायचं नाही."

ब्लिमी मान डोलावत होती. डॉक्टरीणबाईंनी मग विचारलं, "मूल हवंय ना तुम्हाला?"

"तीन वर्षं झाली."

"तर मग ही खूण तुमच्या कामाची आहे. मूल राहायचे दिवस हेच. डागाच्या आधीचे थोडे, आणि तो दिवस. अंडं एखादा दिवसच टिकतं. त्या दिवसांत नवरा-बायकोनं जवळ असायला हवं."

मग ब्लिमी अगदी हळू म्हणाली, "त्याच दिवशी आम्ही पलंग लांब करतो."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ही गोष्ट मी तुमच्या वस्तीतून पहिल्यांदा ऐकत नाही. माझ्याकडून कागद हवा असेल तर देते, तुमच्या रब्बींना बोलायचं असेल तर मी फोनवर बोलते. तुमचं शरीर ठीक आहे. तारखा चुकतायत."

ब्लिमीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तीन वर्षं तिला वाटत होतं की आपल्यात काहीतरी सडलंय. ती रडायला लागली, मोठ्यानं, माझ्या खांद्यावर डोकं टेकून, आणि तिचा टोप सरकला तो मीच नीट केला. मलाही रडू आलं. मी कोरडी राहणाऱ्यांतली नाही.

आम्ही कोट घालायला लागलो तरी झेल्दा खुर्चीतून उठली नव्हती. मला वाटलं गुडघे. मी हात पुढे केला, तर तिनं तो बघितलाच नाही. ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "हे पूर्वीपासून असंच आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे पूर्वीच्या बायकांना. तेव्हासुद्धा मधेच डाग पडायचा तो असाच? त्याच दिवसांत?"

"बायकांचं शरीर तेच आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा कुणी समजावून सांगत नव्हतं, एवढंच. का? तुम्हाला काही त्रास होतोय? तुमच्या वयात काही दिसत असेल तर ते ताबडतोब..."

"मला नाही. माझं सगळं कधीच आटपलं," झेल्दा म्हणाली, आणि खुर्चीचे हात धरून उठली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. झेल्दाची आई महायुद्धातून एकटी परत आलेली बाई. ती शरीराबद्दल एक शब्द बोलत नसे, आणि त्या काळी लेकीला शिकवायला तशी बाईही नव्हती; लिपाकडे तीही दहा वर्षं पांढरंच घालायची आणि डाग दिसला की दूर व्हायची. रंगीत कापडाचं झेल्दाला कळलं ते दुकान टाकल्यावर, घाऊक व्यापाऱ्यानं विचारलं तेव्हा: गडद माल किती पाठवू, तुमच्या बायका गडदच जास्त नेतात. म्हणजे सोडचिठ्ठी झाल्यावर. ही गोष्ट ती मला गंमत म्हणून सांगायची, आणि मी हसायचे. डाग कुठल्या दिवसांत पडतो आणि ते दिवस कसले असतात, हे तिला आज, या खुर्चीत बसल्यावर कळलं होतं. मी तिची पिशवी माझ्या हातात घेतली.

ट्राममध्ये ती खिडकीशी बसली. आमचा थांबा जवळ आल्यावर म्हणाली, "डॉक्टरीण चांगली आहे. हात गार आहेत म्हणाली ब्लिमी, पण चांगली आहे."

दुकानात आल्यावर तिनं खालच्या फळीवरचे खोके उघडून ब्लिमीसमोर मांडले. काळ्या, गडद निळ्या, जांभळट लाल. ब्लिमी बोटाच्या टोकानं कापड चाचपून बघत होती.

"जांभळी घे," मी म्हटलं. "नवऱ्याला हिऱ्यांशिवाय दुसरं काही दिसतं का, तेही कळेल."

या वेळी झेल्दाचा बूट आला नाही.

नमुन्यांचं उत्तर चांगलं आलं. मांडवांच्या सणानंतर ब्लिमीचे वडील झुरिकहून आले, पण बसून बोलणं काही झालं नाही. नफ्तालीनं आईला सांगितलं, "बायको माझी आहे, मी डॉक्टरांना भेटून आलोय, आता आपण थांबायचं." त्या घरात एवढं लांब वाक्य त्यानं पहिल्यांदाच उच्चारलं असावं. वडील दोन दिवस राहिले, मासा खाल्ला आणि परत गेले. हिंदे गप्प बसली असं मात्र नाही. तिनं लंडनच्या एका मोठ्या रब्बींकडे चिठ्ठी आणि देणगी धाडून सुनेसाठी आशीर्वाद मागवला.

एक-दोनदा ब्लिमीला सात दिवसांत ठिपका दिसला. झेल्दा तो पार्कपलीकडे घेऊन गेली, आणि दोन्ही वेळा म्हाताऱ्यांनी खिडकीशी धरून बघितला आणि सांगितलं, काही नाही, जा म्हणावं कुंडावर. थंडी सरताना ब्लिमी दुकानात आली आणि झेल्दाच्या कानात काहीतरी बोलली. मग मला म्हणाली, "रेझीमावशी, पोटऱ्यांना दाब देणारे मोजे असतात ना, ते आत्तापासून घालायचे की नंतर?" काय समजायचं ते मी समजले.

उन्हाळा सरल्यावर मुलगी झाली. शनिवारी प्रार्थनाघरात नाव ठेवलं आणि नंतर हिंदेनं सगळ्यांना केक आणि हेरिंगचा खारा मासा दिला. सगळी वस्ती लोटली होती. हिंदे नातीला घेऊन खोलीच्या मधोमध उभी होती आणि येईल त्या बाईला सांगत होती, "लंडनचा आशीर्वाद. चिठ्ठी गेली आणि थंडीतच गुण आला. माणसानं श्रद्धा ठेवावी."

माझ्या तोंडात हेरिंग होतं म्हणून वाचली. गिळून मी तोंड उघडणार, तेवढ्यात झेल्दानं माझं मनगट धरलं.

"आमेन," ती हिंदेला म्हणाली. "बाळ निरोगी राहू दे."

"तुमच्या तोंडात साखर," हिंदे म्हणाली, आणि पुढच्या बाईकडे वळली. पलीकडून ब्लिमी आमच्याकडे बघत होती. ती इतक्या बायकांतून वाट काढत आली आणि झेल्दाजवळ उभी राहिली. हिंदेनं हाक मारेपर्यंत ती तिथंच उभी होती.

घरी जाताना आम्ही दोघीच होतो. ऊन पडलं होतं आणि शनिवार असल्यामुळे पोरंबाळं रस्त्यावर होती. पुरुषांच्या घोळक्यात, समोरच्या फुटपाथवर, मला लिपा दिसला. पाठ वाकलीय आता. झेल्दानं त्याला बघितलं की नाही ते मला कळलं नाही. मी वर्षभर गिळून ठेवलेलं तेव्हा बाहेर पडलं.

"सांग ना त्याला," मी म्हटलं. "एकदा तरी सांग. तुझ्यात काही खोट नव्हती. त्याची आई तर मेली, पण त्याला तरी कळू दे. सगळ्या गल्लीनं तुला वांझ म्हटलं, झेल्दा. मी ऐकलंय."

"मीही ऐकलंय."

"मग?"

"मग काय सांगू? डॉक्टरीणही माझं नक्की सांगू शकणार नाही, इतक्या वर्षांनी." ती काही पावलं तशीच चालली. "आणि समज, तसंच असलं. लिपाला नऊ मुलं आहेत, रेझी. त्यांची मुलं आहेत. त्यांना काय सांगायचं? तुम्ही एका डागामुळे झालात?"

"तुझी झाली असती."

"झाली असती," झेल्दा म्हणाली. रस्त्यात मधेच, दोन उभ्या गाड्यांच्या मधे, ती उभी राहिली आणि मीही उभी राहिले. तिच्याबरोबर मी आयुष्य काढलंय, पण तिच्या डोळ्यांतून पाणी येताना मी त्या दिवशीच पहिल्यांदा बघितलं. तिनं ते पुसलं नाही. शनिवारी बाहेर काही उचलून न्यायचं नसतं म्हणून ती पर्स बाळगत नाही, रुमाल मनगटाला बांधलेला असतो, पण तिला त्याची आठवण झाली नसावी. मी तिचा दंड धरून राहिले.

कोपऱ्यावरून एक चार-पाच वर्षांची पोरगी पळत आली आणि आम्हाला बघून थबकली. शनिवारचा निळा फ्रॉक, पांढरे लांब मोजे, आणि एक मोजा घसरून पार घोट्यावर आलेला. लिपाच्या थोरल्या मुलीची मुलगी. भुवया बघितल्या की कुणीही सांगेल.

"थांब," झेल्दा तिला म्हणाली. "अशी पळलीस तर त्यात पाय अडकून पडशील."

ती माझा हात सोडून खाली बसली. गुडघे टेकून, रस्त्यावरच. मी धरायला गेले तर तिनं मान हलवून नको म्हटलं. तिनं तो मोजा दोन्ही हातांनी वर ओढला, सुरकुत्या बोटांनी सारख्या केल्या आणि गुडघ्याखाली त्याची एक घडी घातली. दुसरा मोजा चांगला होता, तरी तोही बघितला.

"रबर सैल झालंय," ती म्हणाली. "आजीला म्हणावं, सोमवारी दुकानात पाठव."

"आजी विचारेल, कुणी सांगितलं."

"मोज्यांच्या दुकानातली बाई म्हणावं."

पोरगी पळाली. तिचे मोजे वरच राहिले. झेल्दा गुडघे टेकून ती वळणाआड जाईपर्यंत बघत होती, आणि मग तिनं हात वर केला, मी तिला उठवावं म्हणून.